घरगुती ध्वनिमुद्रणासाठी यूएसबी मायक्रोफोन

यूएसबी मायक्रोफोनमध्ये ध्वनीचे अंकीय रूपांतर आतच होते. वेगळे साउंड कार्ड लागत नाही. मात्र संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये 'इनपुट' म्हणून तोच निवडावा. अन्यथा लॅपटॉपचा स्वतःचा माइकच आवाज टिपत राहतो आणि आजीने तासभर गायिलेल्या ओव्या खोलीच्या घुमाऱ्यात हरवतात. अनेक कंडेन्सर माइकची संवेदनशील बाजू टोकाला नसून पुढच्या अंगाला असते. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित तिरका ठेवल्यास 'प', 'फ'चे फटकारे बसत नाहीत. सर्वांत चढा स्वरही उणे ६ डेसिबलच्या आत राहील, इतकाच गेन ठेवावा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. शून्यावर आदळून फाटलेला पूर्ववत होत नाही. पंखा बंद हवाच, उकाडा सोसावा लागतो. फरशीच्या रिकाम्या दिवाणखान्यापेक्षा गाद्या-पडद्यांची खोली बरी.