काश्मिरी घराचें छप्पर आणि भूर्जपत्रावरील पोथ्या

काश्मीरांतून आलेली भूर्जपत्राची पोथी हातीं पडली म्हणजे संग्राहक प्रथम लिपि पाहतो, मग पुष्पिका, आणि त्यावरून काल ठरवितो. ती साल मुळांत कशासाठीं डोंगरावरून उतरविली जात असे, याचा विचार क्वचितच होतो. भूर्ज म्हणजे जुनें व कागद म्हणजे नवें, असें सरसकट धरण्याचा मोह त्यामुळेंच पडतो. हा मोह टाळावयाचा तर पोथी क्षणभर बाजूस ठेवून काश्मिरी माणूस हिंवाळ्यासाठीं घर कसें सज्ज करीत असे, तें पाहिलें पाहिजे.

तेथील हिंवाळा म्हणजे आपल्याकडील माघांतील गारठा नव्हे. २१ डिसेंबरच्या सुमारास 'चिल्लई कलान' हा चाळीस दिवसांचा कडक काळ सुरू होतो. पुढें वीस दिवसांचा व दहा दिवसांचा असे दोन उतरते काळ येतात. या थंडीची धास्ती किती जुनी आहे हें नीलमतपुराणावरून कळतें. पूर्वीं मनुष्यें सहा महिने दरी सोडून जात व तेवढा काळ तेथें पिशाचांचें राज्य असे, चंद्रदेव नांवाच्या ब्राह्मणानें नीलनागाकडून विधि मिळविले तेव्हां मनुष्यांस बारमास राहतां येऊं लागलें, अशी ती कथा आहे. पहिल्या हिमपाताचा उत्सव हाही त्या विधींपैकींच एक. कथेंतील पिशाच कोण होते याचा काथ्याकूट पुष्कळ झाला आहे. आम्हांस त्यांत एवढेंच महत्त्वाचें वाटतें कीं, हिंवाळ्यांत दरींत राहणें ही प्रयत्नानें साधलेली गोष्ट होती, ही आठवण तेथील लोकांनीं जपली.

तो प्रयत्न घराच्या रचनेंत दिसतो. अबुल फझल आईन-इ-अकबरींत लिहितो कीं, तेथील घरें लाकडी, चार किंवा अधिक मजल्यांचीं असून तळमजल्यावर गुरें व सामान, दुसऱ्यावर कुटुंब आणि वर इतर चीजवस्त असे. लाकूड विपुल व भूकंप वारंवार, म्हणून दगडविटांचीं घरें बांधीत नाहींत, असें कारणही तो देतो. गुरें खालीं ठेवण्यांत आणखी एक सोय होती: त्यांच्या अंगची ऊब वर चढे. १८८९ पासून जमाबंदीच्या कामावर असलेल्या वॉल्टर लॉरेन्स यांनीं खेड्यांतील मेंढ्यांचा कठडा ही हिंवाळ्यांत घरांतील सर्वांत उबदार जागा असल्याचें नोंदलें आहे. खिडक्यांना कांच नसे. नक्षीदार लांकडी जाळ्या असत व थंडी पडतांच त्यांवर कागद चिकटवीत. भाज्या उन्हाळ्यांतच वाळवून ठेवीत. कांगडीविषयीं एवढेंच सांगतों कीं, कोळशाच्या शेगडीस हसन्ती व अंगारधानिका हीं नांवें अमरकोशांतही आहेत.

परंतु या सर्व सिद्धतेचा मुकुटमणि म्हणजे छप्पर. वाशांवर फळ्या, फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे एकावर एक थर, आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. माती ऊब राखी व साल दाबून धरी. साल वितळत्या बर्फाचें पाणी खालीं उतरूं देत नसे. मातींत गवत व फुलझाडें रुजत व त्यांच्या मुळ्यांनीं थर बांधला जाई. छपरांवर वसंतांत लाला फुलतो हें वर्णन जहांगीरानें कौतुकानें केलें आहे. मात्र त्या फुलांखालीं काय अंथरलें आहे याची चौकशी रसिक बादशहास करावीशी वाटली नसावी. साल पाण्यास दाद देत नाहीं याचें कारण तींतील बेटुलिनादि राळवट द्रव्यें. झाड सुमारें तीन हजार मीटर उंचीच्या पुढें वाढतें, म्हणजे साल आणावयाची ती बर्फानें वाटा बंद होण्यापूर्वींच.

हा उपयोग किती प्राचीन असावा? श्रीनगरजवळ बुर्झाहोम म्हणून स्थळ आहे. त्याच्या नांवांतच 'बुर्झ', म्हणजे भूर्ज, आहे. पुरातत्त्व खात्यानें १९६० पासून केलेल्या उत्खननांत तेथें नवाश्मयुगांतील खड्डे मिळाले. त्यांपैकीं सर्वांत मोठा तोंडाशीं २.७४ मीटर, तळाशीं ४.५७ मीटर व ३.९५ मीटर खोल आहे. कडेस खांबांचीं भोंकें व भरावांत जळकें भूर्ज सांपडल्यावरून उत्खनकांनीं वर भूर्जाचें छप्पर कल्पिलें. हीं हिंवाळी घरें नसून धान्याचीं पेवें होतीं, असेंही मत कांहीं विद्वानांनीं मांडलें आहे. तो वाद मिटलेला नाहीं. परंतु घर असो वा पेव, त्यावरील आच्छादन भूर्जाचें होतें हें मान्य केल्यास, सालीचा हा उपयोग लेखनकलेच्या कित्येक शतकें पूर्वींचा ठरतो.

लेखनासाठीं मात्र केवळ साल पुरत नसे. अल्बेरूनीनें अकराव्या शतकांत लिहून ठेवलें आहे कीं, उत्तरेकडील लोक साल तेल लावून व घोटून कठीण आणि गुळगुळीत करीत, मग तीवर लिहीत. छपराच्या सालीस या संस्काराची गरज नव्हती. पंधराव्या शतकांत झैनुल-आबिदीनानें समरकंदाहून कागदाची कला आणविली अशी परंपरा आहे. अकबरानें १५८६ मध्यें काश्मीर घेतलें. ब्यूलर यांच्या १८७७ च्या अहवालाप्रमाणें त्यानंतर भूर्जावर लिहिणें बंद पडलें व साल सिद्ध करण्याची कृतीही लोक विसरले. या विधानाचा अर्थ नीट घेतला पाहिजे. बंद पडली ती घोटाई, साल नव्हे. छपरांसाठीं ती पुढेंही तीन शतकांहून अधिक काळ उतरतच होती. टिनाच्या पत्र्यांनीं तिची जागा घेतली ती विसाव्या शतकांत.

म्हणून केवळ भूर्ज आहे एवढ्यावरून पोथी अकबरपूर्व ठरवूं नये. उत्तरकालीं कोणास सालीचा तुकडा हवाच असता तर तो मिळण्यास अडचण नव्हती. मात्र पृष्ठ तेलानें घोटलेलें आहे कीं कोरें, हें भिंगाखालीं पाहिल्यास, तोच पुरावा शारदा लिपीच्या वळणाइतकाच बोलका ठरेल, असें आम्हांस वाटतें. पाहणी पोथीच्या मधल्या पत्रांवर करावी, कारण चामडी बांधणीच्या घर्षणानें आद्य व अंत्य पत्रें बहुधा झिजलेलीं असतात.

अशा परीक्षेस योग्य साहित्य पुण्यांतच आहे. ब्यूलर यांनीं १८७५-७६ मध्यें मुंबई सरकारसाठीं मिळविलेला काश्मिरी संग्रह डेक्कन कॉलेजांतून १९१८ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. तेथील ज्या तीस ऋग्वेद-पोथ्यांची युनेस्कोनें २००७ मध्यें जागतिक स्मृतिपटांत नोंद केली, त्यांपैकीं एकोणतीस कागदावर आहेत व एकच, शारदा लिपींतील, भूर्जावर.