मद्रासचा हिमगोळा: २७,००० शिक्षकांना इंग्रजी शिकवायला शिकवण्याची गोष्ट

आज लढाई नाही, किल्ला नाही, तहही नाही. आज गोष्ट आहे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची. झोप येईल असं वाटत असेल तर पाच मिनिटं थांबा, कारण आकडा मोठा आहे: २७,०००.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, इंग्रजी राहिली. पण ती शिकवायची कोणी आणि कशी? जुनी पद्धत म्हणजे व्याकरणाचे नियम, भाषांतर आणि पाठांतर. त्याला पर्याय म्हणून १९५० च्या दशकात मद्रास राज्यात 'स्ट्रक्चरल' पद्धत आली. कल्पना सोपी होती. इंग्रजी वाक्यांचे ठरावीक साचे काढायचे, सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, शब्दही मोजूनमापून द्यायचे आणि प्रत्येक साचा वर्गात बोलून घटवून घ्यायचा. 'दिस इज अ बुक', 'दॅट इज अ पेन'. आपल्या आईवडिलांनाही हे तोंडपाठ असेल बघा. यामागचा विचार हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी यांच्यासारख्या माणसांचा. हे दोघेही दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याचं काम करत होते. हॉर्नबी म्हणजे तोच, ऑक्सफर्डच्या त्या जाडजूड विद्यार्थी-शब्दकोशावरचा.

पद्धत ठरली, पण ती पोचवायची कशी? १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली, म्हणजे आजची इफ्लू. ब्रिटिश कौन्सिल आणि फोर्ड फाउंडेशनचा तिला हातभार होता. पण एका संस्थेत किती शिक्षक मावणार? मद्रासमध्ये तर खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शिक्षकांपर्यंत जायचं होतं. म्हणून साखळी केली. आधी थोड्यांना शिकवायचं, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना. बर्फाचा गोळा उतारावरून सोडला की मोठा होत जातो, तसं. त्यामुळे मोहिमेचं नावच 'मद्रास स्नोबॉल' पडलं. मद्रासच्या उकाड्यात बर्फाचा गोळा! नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. १९६२ साली डेव्हिड स्मिथ यांनी यावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच २७,००० शिक्षकांचा आकडा आहे.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये कोणी प्रोजेक्ट सोडून निघालं की नव्या माणसाला 'केटी' देतात, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. पहिल्याला 'हे असं का केलंय' ते माहीत असतं. दुसऱ्याला 'हे कसं चालवायचं' एवढं कळतं. तिसऱ्याच्या हातात फक्त यादी उरते: हे बटण दाबा, मग ते दाबा. साखळीतून कृती पोचते, कारण वाटेत गळतं. स्ट्रक्चरल पद्धतीत तर हा धोका जास्तच, कारण साचा घटवून घेणं ही मुळातच यादीसारखी गोष्ट. मुलं वर्गात एका सुरात वाक्यं म्हणत, पण वर्गाबाहेर दोन वाक्यं जोडून बोलता येत नसत. पुढे तक्रार झाली ती हीच.

ती मनावर घेतली एन. एस. प्रभू यांनी. ते मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करत. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बेंगळुरू आणि मद्रासच्या काही शाळांत प्रयोग केला. साचे नाहीत, घोकंपट्टी नाही. मुलांसमोर रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि विचारायचं: अमुक वाजता पोचायचं तर कुठली गाडी? मुलं उत्तराच्या मागे लागतात, भाषा मागून येते. आज जगभर 'टास्क-बेस्ड' म्हणून जे शिकवतात, त्यात या प्रयोगाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पण गंमत बघा. पुढे ॲलन बेरेटा यांनी प्रयोगातल्या शिक्षकांच्या नोंदी तपासल्या. प्रकल्पासाठी खास आलेल्यांना पद्धत झेपली, शाळेतल्या रोजच्या शिक्षकांना मात्र ती जड गेली. प्रभू स्वतःही शेवटी पद्धतीच्या मागे राहिले नाहीत. १९९० च्या लेखात त्यांनी मांडलं की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच. आपण शिकवतो त्यातून शिकणं कसं घडतं, याबद्दल शिक्षकाची स्वतःची जी समज असते, ती जिवंत आहे की मेली हा खरा प्रश्न. मला विचाराल तर या अख्ख्या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे, आणि सगळ्यात गैरसोयीचंही. समज शिबिरात वाटता येत नाही ना!

आपल्याकडे हा प्रश्न २००० साली दारात आला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. माझी पिढी त्याच सुरुवातीच्या तुकड्यांतली. चर्चा झाली ती मराठीचं काय होणार याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्या बाईंचं स्वतःचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं होतं, त्यांनी सहा वर्षांच्या पोरांना ते कसं शिकवायचं, यावर त्या मानाने फार कमी बोललं गेलं. सरकारी आदेश एका दिवसात निघतो, शिक्षक तयार व्हायला वर्षं लागतात.

साखळी अजून संपलेली नाही. पण २०१६ च्या सुमारास राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या 'तेजस' प्रकल्पात थोडा वेगळा रस्ता धरला गेला. जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी ठरावीक दिवसांनी एकत्र बसायचं, वर्गात काय केलं ते एकमेकांना सांगायचं आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर बोलत राहायचं.

तुमच्या घरात कोणी शिक्षक असेल तर त्यांना विचारा, शेवटच्या प्रशिक्षणातलं दुसऱ्या दिवशी वर्गात काय वापरलं? उत्तर मला कळवा. पुढच्या भागात हॉर्नबी, जपान आणि तो शब्दकोश.