दिवा बंद करून बघितलं तेव्हा

गेल्या मार्चमधली गोष्ट. रात्री साडेअकरा वाजता नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती जर्मनीत पीएच.डी. करते, तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पोरगी रडलेली दिसत होती. मी विचारलं, "काय गं, बरं नाहीये का?" तर म्हणाली, "आजी, माझी कडी खोटी आहेत बहुतेक."

मला आधी वाटलं, मी दिलेल्या सोन्याच्या कड्यांबद्दल बोलतेय! सराफाला चांगलं सुनवायचं म्हणून मी मनात वाक्यंसुद्धा जुळवली. मग कळलं की ही कडी वेगळी. सूक्ष्मदर्शकातली.

मंडळी, मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. पदवी बी.ए., तीही मराठी माध्यमातून. विज्ञानाच्या वर्गावर गेले असेन तर फक्त बदली तासाला. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते नातीने मला महिनाभर रोज थोडं थोडं समजावून सांगितलेलं आहे. पण त्या निमित्ताने या यंत्राचा इतिहास वाचत गेले आणि तो मात्र माझा प्रांत आहे, म्हणून हा लेख.

आधी नातीचं दुखणं सांगते. पेशीच्या पातळ आवरणात एक प्रथिन असतं, ते कुठे कसं बसलंय हे ती शोधते. प्रथिन डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याला एक चमकणारा रंग चिकटवायचा. त्यावर लेसरचा प्रकाश टाकला की रंग चमकतो. सहा महिने तिने चित्रं काढली. चित्रांत ठिपके होते आणि बऱ्याच ठिपक्यांभोवती एक फिकट कडं. प्रथिन कड्यासारखं रचलेलं आहे असं तिला वाटलं, गाईडनाही वाटलं. मे महिन्यात एका परिषदेत पोस्टर लावायचं ठरलं होतं. आणि त्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की सगळी कडी एकाच मापाची आहेत. अगदी छापाच्या गणपतीसारखी. जिवंत पेशीत इतकं सारखं काही असतं का?

ही कडी कुठून आली ते समजायला जरा मागे जावं लागेल.

१८५२ साली इंग्लंडमध्ये स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने क्विनाइनच्या पाण्यावर प्रयोग केले. (हेच ते हिवतापाचं कडू औषध. आमच्या लहानपणी ते नाक दाबून पाजायचे.) पाणी स्वच्छ, बिनरंगी. पण जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश त्यावर पडला की ते निळं चमकायचं. या चमकण्याला त्याने फ्लुओरेसन्स असं नाव दिलं. त्याने एक नियमही सांगितला: आत जाणारा प्रकाश वर्णपटात जिथला असतो, त्याहून बाहेर येणारा लालाच्या बाजूला सरकलेला असतो. निळा घालाल तर हिरवा मिळेल, हिरवा घालाल तर तांबडा. त्यामुळे मध्ये रंगीत काच धरली की घातलेला प्रकाश अडवता येतो आणि मिळालेला तेवढा बघता येतो. आजही सगळी यंत्रं याच युक्तीवर चालतात. पण या नियमाला एक पळवाट आहे, तिच्याकडे मी येणारच आहे.

दुसरी पायरी येना गावातली, १८७३ सालची. अर्न्स्ट आबे याने सिद्ध केलं की भिंग कितीही चांगलं घासा, प्रकाशाच्या लांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणार नाहीत. म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर.) येनामध्ये आबेचं स्मारक आहे, त्यावर हे सूत्र दगडात कोरलेलं आहे. दगडात कोरलं की माणसं फारशी वाद घालत नाहीत.

तरीही त्याच गावात, झाइस कंपनीत, आउगुस्ट कोलर याने खटपट केलीच. लांबी आड येते ना, मग कमी लांबीचा प्रकाश घेऊ, असा त्याचा सरळ हिशेब. १९०४ च्या सुमारास त्याने अतिनील प्रकाशाचा, क्वार्ट्झच्या भिंगांचा सूक्ष्मदर्शक बनवला. आणि झालं काय, तर बघायचे नमुने त्या प्रकाशात आपणहून चमकायला लागले! चित्र बिघडायला लागलं. बिचाऱ्याला बारीक बघायचं होतं आणि हा नको असलेला उजेड मध्ये आला. पण पुढच्या आठ-दहा वर्षांत त्याच उपद्रवाला लोकांनी कामाला लावलं. व्हिएन्नात हाइमश्टेट याने १९११ मध्ये आणि झाइसमध्ये लेमान याने १९१३ मध्ये खास हे चमकणं बघण्यासाठीच सूक्ष्मदर्शक तयार केले. आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत जे यंत्र दिसतं त्याचा जन्म असा एका तक्रारीतून झाला. नातीला हे माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्या रात्री ती पहिल्यांदा जरा हसली.

आपल्याकडचं उदाहरणही मी तिला ऐकवलं, कारण राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळेत भाषण करायचा मान (म्हणजे कामाचा बोजा) बऱ्याचदा माझ्यावर यायचा. कलकत्त्यात रामन यांचे विद्यार्थी रामनाथन यांना १९२३ मध्ये द्रवांत एक मंद उजेड दिसला. अशुद्धीमुळे द्रव चमकत असेल, असं समजून त्यांनी द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला. उजेड जाईना. तो नको असलेला उजेड नव्हताच, पाच वर्षांनी त्यातूनच रामन परिणाम निघाला. म्हणजे कोलरचा उजेड खोटा ठरवून अडवायचा, रामनाथनचा खरा ठरवून पुढे न्यायचा. हे आधी कसं ओळखायचं? नात म्हणाली, "आजी, तेच तर मला कळत नाहीये!"

आता तिच्या यंत्राकडे येते. स्टेफान हेल हा १९६२ मध्ये रोमानियात जन्मलेला मुलगा, आई शिक्षिका. (हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.) १९७८ मध्ये हे कुटुंब पश्चिम जर्मनीत आलं. शिकून झाल्यावर हेलच्या डोक्यात आबेची मर्यादा ओलांडायचं खूळ शिरलं, आणि १९९३ मध्ये तो फिनलंडमधल्या तुर्कू इथे कामाला गेला. तिथे शरद ऋतूतल्या एका शनिवारी सकाळी प्रकाशाच्या पुंजसिद्धान्तावरचं पुस्तक चाळताना त्याला स्टिम्युलेटेड एमिशन या प्रकरणाशी उत्तर सापडलं. ही कल्पना मुळात आइन्स्टाइनची, १९१७ ची. चमकायच्या तयारीत असलेल्या रेणूवर योग्य रंगाचा दुसरा प्रकाश टाकला, तर तो आपली ऊर्जा त्याच प्रकाशात टाकून गप्प बसतो. म्हणजे प्रकाशाने दिवा लावता येतो तसा विझवताही येतो!

हेलने मग असं मांडलं: एका लेसरने रेणू चमकवायचे. त्याचा ठिपका आबेच्या नियमाप्रमाणे मोठाच पडणार, पडू दे. लगेच त्यावर दुसरा लेसर टाकायचा, पण तो मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेला. वड्याखालचे रेणू विझतात, भोकातले तेवढे चमकत राहतात. विझवणाऱ्याचा जोर वाढवला की चमकणारी जागा लहान लहान होत जाते. १९९४ मध्ये त्याने आणि यान विखमान याने हे कागदावर मांडलं. प्रत्यक्ष जिवाणूचं चित्र निघायला २००० साल उजाडलं. २०१४ मध्ये बेट्झिग आणि मर्नर यांच्यासोबत त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या दोघांची वाट निराळी आहे, रेणू थोडे थोडे जागे करून एकेक मोजायचा. (बेट्झिगने तर मध्येच विज्ञान सोडून वडिलांच्या कारखान्यात नोकरी केली आणि परत येताना यंत्र मित्राच्या दिवाणखान्यात जुळवलं. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) त्यांच्याकडेही हाच त्रास आहे. ज्या प्रकाशाने मोजायचं, तोच न बोलावलेल्या काही रेणूंना उठवून बसवतो.

तर आता ती पळवाट. विझवणारा लेसर लालाच्या बराच पलीकडचा घेतात, नातीकडे तो ७७५ नॅनोमीटरचा आहे. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे त्याने रंग चमकायला नको. पण रेणू काही थंड पडलेले नसतात, ऊबेने थरथरत असतात. एखादा आधीच जरा वरच्या पायरीवर असतो, त्याला तो लाल प्रकाशही पुरतो आणि तो चमकतो. अशी शक्यता फार थोडी. पण विझवणारा लेसर चमकवणाऱ्यापेक्षा हजारो पटींनी जोरदार असतो, त्यामुळे थोड्याचंही पुष्कळ होतं. विझवायला आलेलाच आग लावतो म्हणा ना. आणि तो वड्याच्या आकाराचा असल्यामुळे ज्या प्रत्येक बारीक ठिपक्यावरून फिरेल, त्याच्याभोवती एक कडं काढून ठेवतो. सगळी एकाच मापाची!

नातीने गेल्या सप्टेंबरमध्ये रंग बदलला होता. नवा रंग जास्त चमकदार, पण तो प्रकाश शोषायचा तेही लालाच्या जास्त जवळ, म्हणजे विझवणाऱ्या लेसरला अधिक सहज बळी पडणारा.

मी तिला विचारलं, "मग हे तपासायचं कसं?" ती म्हणाली, "सोपं आहे. चमकवणारा लेसर बंद करायचा, विझवणारा चालू ठेवायचा. चित्र काळं यायला हवं." मी म्हटलं, "मग केलंस का?" बराच वेळ गप्प. "भीती वाटते, आजी."

यावर मी तिला काही शहाणपण शिकवलं नाही. मला माझंच आठवलं. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. लिहिणाऱ्याबरोबर लिहून घेणाराही पानात असतो, असं मी वर्षानुवर्षं नववीच्या मुलांना सांगत आले. आणि स्वतः मात्र आमच्या गावच्या वाड्याबद्दलची एक ऐकीव कथा तपासायचं वीस वर्षं टाळलं, कारण माझं एक गाजलेलं भाषण तिच्यावर उभं होतं. कागद बघितले ते निवृत्त झाल्यावर. कथा खोटी निघाली. तेव्हा ते भाषण ऐकलेली मुलं आजोबा व्हायला आली होती. हे मी तिला सांगितलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने लेसर बंद करून चित्र घेतलं. काळं आलं नाही. फिकट कडी जशीच्या तशी. पण ती माझी नात आहे, एवढ्यावर थांबली नाही. संगणक लेसर 'शून्य' म्हणतो म्हणजे तो खरंच शून्य असतो का, म्हणून तिने त्याच्या वाटेत काळा पुठ्ठाच आडवा लावला. उजेड थोडा कमी झाला. म्हणजे बंद लेसरही जरासा गळत होता, आमच्या मोरीतल्या नळासारखा. उरलेली कडी तरीही होतीच. मग रंग न लावलेली पेशी ठेवली, ती काळी आली, म्हणजे पेशी स्वतः चमकत नव्हती आणि लेसरचा प्रकाशही काचेतून निसटत नव्हता. मग विझवणाऱ्याचा जोर दुप्पट केला. दोन-दोन कण मिळून रेणूला चमकवत असते, तर उजेड चौपट व्हायला हवा होता. तो दुप्पटच झाला. म्हणजे गुन्हेगार सरळ तो रंगच. एकेक संशयित असा उलटतपासणी करून सोडलेला ऐकताना मला फार मजा आली. तिला अर्थातच नाही.

ती सगळी चित्रं घेऊन ती गाईडकडे गेली. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ बोललेही नाहीत म्हणे. पोस्टर मागे घेतलं. चमकवणारा लेसर एका ओळीला चालू, एका ओळीला बंद ठेवून नंतर वजाबाकी करायची, अशीही एक रीत आहे. पण खोट्या उजेडाबरोबर आलेली खरखर वजाबाकीने जात नाही, म्हणून तिने जुन्या, मंद रंगाकडेच परत जायचं ठरवलं. सहा महिन्यांचं काम पुन्हा. मला वाईट वाटलं. तिच्या आईला माझ्याहून जास्त, आणि तिने मला सुनावलंही, की तुम्ही तिला नाही ते सांगत बसता.

एक गंमत मात्र राहिली. हेलच्याच गटाने २०१७ मध्ये नवी पद्धत छापली. तिच्यात वड्याच्या आकाराचा प्रकाश विझवायला नाही, मुद्दाम चमकवायला वापरतात. भोक नेमकं रेणूवर आलं की रेणू जवळजवळ अंधारात जातो, आणि त्या अंधारावरून त्याची जागा सुमारे एका नॅनोमीटरपर्यंत सांगता येते. कोलरचा उपद्रव जसा कामाला आला, तसंच हे.

दिवाळीत नातीने नवं चित्र पाठवलं. ठिपके आहेत, कडी नाहीत. प्रथिन दोन-दोनच्या जोड्यांनी बसल्यासारखं दिसतंय, पण एवढ्यात कुणाला सांगू नकोस म्हणाली (म्हणून इथे लिहायला तिची परवानगी काढली आहे). सोबत दुसरंही एक चित्र होतं, लेसर बंद करून घेतलेलं. ते मी चौकातल्या फोटोवाल्याकडून मोठं करून आणलं आणि टीव्हीच्या वर लावलं. शेजारच्या वहिनी परवा आल्या, बघून म्हणाल्या, "काकू, तुमचा हा फोटो आलाच नाही वाटतं, सगळा काळा आहे." मी म्हटलं, "नाही हो, छान आलाय."