ई-मेल-यादी साधन

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाला टपालपेटीतील पत्रांची यादी काढून देणारे साधन. त्याची माहितीपत्रिका काटेकोर हवी. एजंटाला साधन कळते ते तिच्यातूनच. जीमेलच्या यादीत मजकूर नसतो, फक्त ओळखक्रमांक येतात: एरवी एका खेपेस 100, फार तर 500. पुढचे पान मागावे लागते हे लिहिले नाही, तर एजंट पहिल्या पानालाच सगळे टपाल समजेल.

आवश्यक ते लिहिलेलेच नसण्याची ही अडचण मराठी इतिहाससंशोधनाला परिचित आहे.

 1761 च्या रणसंग्रामात संपलेल्या पानिपत मोहिमेची पत्रे वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापली. पुष्कळ पत्रांवर तिथी वा चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) आहे, साल नाही. ते मजकुरावरून ठरवावे लागले.