चांद्रविजय आणि संशयाचा इतिहास

२० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन चंद्रभूमीवर उतरले आणि डिसेंबर १९७२ पर्यंत सहा अवतरणांतून एकूण बारा मानव तेथे वावरून आले. हे सारे पृथ्वीवरच चित्रित झालेले नाटक होते, असे सांगणारे पुस्तक त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, आणि तेही अमेरिकेतच, निघावे हे वरवर पाहता नवल वाटते.

१९७६ चे ते पुस्तक बिल केसिंग यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. सॅटर्न-५ अग्निबाणाची इंजिने बनविणाऱ्या रॉकेटडाइन कंपनीत ते तांत्रिक लेखनाचे काम करीत. मात्र १९६३ मध्ये, चांद्रयाने उडण्यापूर्वीच, त्यांनी ती नोकरी सोडली होती. त्यांच्या म्हणण्याला श्रोते लाभले ते काळामुळे. व्हिएतनाम युद्धाविषयी शासनाने जनतेपासून काय दडविले, हे १९७१ मध्ये गुप्त कागदपत्रांतून उघड झाले होते. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. राज्यकर्ते असत्य बोलतात याचा पुरावा हाती आलेल्या समाजाला आणखी एक असत्य पटणे अवघड नव्हते.

फेब्रुवारी २००१ मध्ये फॉक्स वाहिनीने या आक्षेपांवर विशेष कार्यक्रम दाखविला आणि संशय घरोघरी पोहोचला. निर्वात प्रदेशात ध्वज फडकतो कसा? आकाशात तारे का नाहीत? वस्तुतः ध्वजाच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती. ती पूर्ण न उलगडल्याने कापडाला चुण्या पडल्या. प्रखर उन्हातील भूमीसाठी बेतलेल्या छायाचित्रणात मंद तारे उमटत नाहीत. हे आक्षेप निरुपद्रवी म्हणता येतील. परंतु २७ जानेवारी १९६७ च्या आगीत प्राण गमावलेल्या ग्रिसम, व्हाइट व चॅफी या अंतराळवीरांचे मृत्यूही त्याच कार्यक्रमाने कटाच्या संशयात ओढले. मृतांच्या त्यागावर केलेला हा आघात अधिक क्लेशदायक होय.

खरे तर बनाव उघडकीस आणण्यात सर्वाधिक स्वारस्य सोव्हिएत संघास होते. त्याचे लूना-१५ हे मानवरहित यान त्याच दिवसांत चंद्राभोवती फिरत होते. २१ जुलै रोजी, आर्मस्ट्राँग-ऑल्ड्रिन चंद्रावरून निघण्याच्या सुमारे दोन तास आधी, ते चंद्रावर आदळले. इंग्लंडमधील जॉड्रल बँक वेधशाळा दोन्ही यानांचे संदेश ऐकत होती. मॉस्कोने मात्र अमेरिकेचे यश कधी नाकारले नाही.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तेथून आणलेले सुमारे ३८२ किलो खडक व माती. त्यांतील काही नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अभ्यासले गेले. देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी आदी शास्त्रज्ञांनी त्यांच्या स्फटिकांत विश्वकिरणांनी कोरलेले सूक्ष्म मार्ग तपासले. वातावरणाचे आच्छादन नसलेल्या पृष्ठभागावर लक्षावधी वर्षे उघड्यावर पडून राहिल्याची ती खूण. पृथ्वीवरच्या दगडावर ती कोरून काढणे कोणत्याही कारागिराच्या आवाक्यातले नाही.

नासाचे वर्तनही सर्वस्वी निर्दोष नव्हते, हे नमूद करावयास हवे. आक्षेपांना उत्तर देणारे पुस्तक तिने जेम्स ओबर्ग यांच्याकडे सोपविले आणि २००२ मध्ये टीका होताच ते रद्द केले. त्याच वर्षी, बायबलवर हात ठेवून शपथ घ्या असा आग्रह धरीत मागे लागलेल्या एका चित्रपटकाराला बहात्तर वर्षांच्या ऑल्ड्रिन यांनी ठोसा लगावला. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. अपोलो-११ च्या मूळ चित्रफिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ मध्ये मान्य केले. संशयाला असे आयते खाद्य मिळाले.

मात्र २००९ मध्येच एलआरओ या अमेरिकी यानाने अवतरणस्थळांची छायाचित्रे घेतली; काहींत पावलांच्या वाटाही दिसतात. २०२१ मध्ये भारताच्या चंद्रयान-२ ने अपोलो-११ चा मागे राहिलेला खालचा भाग टिपला. अपोलो-११, १४ व १५ च्या यात्रिकांनी ठेवलेल्या परावर्तकांवर वेधशाळा आजही लेसर किरण सोडतात, आणि सुमारे अडीच सेकंदांत ते परत येतात.