ॲव्हरेज पडलं, म्हणजे नक्की काय झालं?

आजचा विषय इतिहासाच्या व्याख्यानमालेत थोडा विचित्र वाटेल. वेगवान गाडीचं ॲव्हरेज अचानक पडतं, तेव्हा त्याचं कारण शोधायची पद्धत गेल्या पन्नास वर्षांत कशी बदलत गेली, असा तो विषय आहे. पण संत तुकाराम नगरात हे बोलायचं नाही तर कुठे? इथून मेट्रोने पुण्याकडे निघालात की पुढचंच स्टेशन नाशिक फाटा. तिथे केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे, 1967 सालची. पलीकडे टेल्कोचा पिंपरीचा कारखाना 1966 चा. आणि पुण्यात वेताळ टेकडीवर ती एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, तीही 1966 चीच. देशातल्या गाड्यांची मोजमापं आपल्या पंचक्रोशीत ठरली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आधी शब्दाकडे बघू. इंग्रजीत मायलेज म्हणतात, आपण म्हणतो ॲव्हरेज. "गाडी ॲव्हरेज किती देते?" मला आपला शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. कारण त्यातच कबुली आहे की हा आकडा एका फेरीचा नाही, बऱ्याच फेऱ्यांची सरासरी आहे. म्हणून ॲव्हरेज "अचानक" पडलं असं कुणी म्हणालं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा: किती टाक्यांचा हिशोब आहे?

ऑक्टोबर 1973 ते जानेवारी 1974 या काळात कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. त्यानंतर ॲव्हरेज हा घरोघरी बोलायचा विषय झाला. पुढे 1978 साली सरकारने पेट्रोल बचतीसाठी पीसीआरए ही संस्थाच काढली. त्या काळातल्या फियाट नि अ‍ॅम्बेसेडर कार्बोरेटरच्या. ॲव्हरेज पडलं की मेस्त्री प्लग काढायचा आणि उजेडात धरायचा. चॉकलेटी रंग असला तर ठीक. काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय. मग चोक अडकलाय का, जेट झिजलाय का, फ्लोट चेंबर ओसंडतंय का, पॉइंटची फट किती, हे एकेक बघायचं. कान, नाक आणि बोटं हीच उपकरणं. आणि एक महत्त्वाची गोष्ट: या कामाला "ट्यूनिंग" असं नाव होतं नि त्याचे वेगळे पैसे मिळायचे. एकही पार्ट न बदलता.

आता प्रयोगशाळेचा आकडा. 1980 च्या दशकात एआरएआयने आपल्या शहरांतल्या रस्त्यांवरची मोजमापं घेऊन भारतीय ड्रायव्हिंग सायकल बसवली. 108 सेकंदांचं एक आवर्तन, अशी सहा. कमाल वेग ताशी 42 किलोमीटर आणि सरासरी जेमतेम 22. त्या वेळचं लक्ष्मी रोडचं चित्रच म्हणा ना! पुढे युरोपच्या धर्तीवर सुधारित सायकल आली, कमाल वेग 90 चा. तिचं इंग्रजी लघुरूप एमआयडीसी. आपल्याकडे एमआयडीसी म्हटलं की 1962 सालचं औद्योगिक विकास महामंडळ आठवतं, त्यामुळे चाकणच्या नव्या इंजिनिअरचा पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो.

या चाचणीत पेट्रोल मापाने मोजत नाहीत. गाडी रोलरवर पळवतात, धूर पिशव्यांत भरतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती इंधन जळलं ते काढतात. गाडीच्या जाहिरातीतला आकडा असा येतो. एसी बंद आणि चढ शून्य. तळेगाव चौकातला खोळंबा तर नाहीच. तेव्हा आपलं ॲव्हरेज जाहिरातीशी ताडून पाहू नका. कालच्या स्वतःच्याच आकड्याशी ताडा.

आता चाकणकडे येऊ. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे 2009 साली सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिली पोलो बाहेर पडली. 2013 मध्ये पोलो जीटी टीएसआय आली: 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी. शंभराचा वेग दहा सेकंदांच्या आत. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का? शुद्धतावादी नाक मुरडतील. पण आपल्या भागातल्या तरुण इंजिनिअरने हप्ते भरून घेतलेली वेगवान गाडी म्हणजे हीच, म्हणून मी तिचंच उदाहरण घेतो.

समजा अशा गाडीचं शहरातलं ॲव्हरेज 14 होतं आणि ते 10 वर आलं. जुना मेस्त्री प्लग काढेल. नवा मेस्त्री स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावेल. हा सॉकेट आपल्याकडे टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, 2010 आणि 2013 मध्ये. त्याच्याही मुळाशी एक छोटी वस्तू आहे: लॅम्बडा सेन्सर. बॉशने तो 1976 साली बाजारात आणला, पहिल्यांदा अमेरिकेतल्या व्हॉल्वो गाड्यांत. सायलेन्सरच्या वाटेवर बसून हा सेन्सर ईसीयूला सांगतो की धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग, हे प्रमाण त्याच्या भरवशावर सांभाळलं जातं. ईसीयू जी दुरुस्ती करत राहतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात.

इथे माझं एक मत स्पष्ट सांगतो. स्कॅनर "फॉल्ट नाही" म्हणाला की निदान संपलं, असं मानणं ही आजच्या गॅरेजची सगळ्यात महागडी सवय आहे. फॉल्ट कोड नसला तरी जिवंत आकडे दिसत असतात, ते वाचायचे. ट्रिम शून्याच्या आसपास असेल तर इंजिन बहुधा बरं आहे. मग भार बघा: टायरमधली हवा, अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक. थोडं फिरवून, ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक तापलं असेल तर कॅलिपर सुटत नाहीये. ट्रिम खूप उणे असेल तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय. एखादा इंजेक्टर गळत असेल. आणि पाण्याचं तापमान ऐंशी-नव्वदच्या जागी पासष्टावरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. ईसीयूला वाटतं इंजिन गारच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल ओतत राहतो. हा एक स्वस्त पार्ट. पण तो सापडेपर्यंत लोकांनी प्लग, कॉइल, सेन्सर असं सगळं बदललेलं असतं.

सेन्सर स्वतःच खोटं बोलू लागला तर? मग ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि स्कॅनरही. अशा वेळी प्लग काढून काजळी बघणारा जुना मेस्त्रीच खरा ठरतो.

आणखी एक कारण गाडीत नसतंच. नोकरी पिंपरीहून चाकणला बदलली, की गाडी तीच राहते पण रस्ता बदलतो. एसी लावून उभी गाडी तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल पिते.

शेवटचा टप्पा अगदी ताजा आहे: इथेनॉल. फेब्रुवारी 2023 मध्ये ई-20 ची सुरुवात झाली आणि 2025 पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोचलं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये 21. हिशोब करा: शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-20 मध्ये साधारण 7 टक्के ऊर्जा कमी, आणि ई-10 च्या तुलनेत साडेतीनच्या आसपास. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट धरली होती. म्हणजे ई-10 वर 14 देणारी गाडी ई-20 वर साडेतेरा देईल. दहा देणार नाही. 14 चे 10 झाले आणि कुणी सगळं इथेनॉलच्या माथी मारत असेल, तर गाडीत काहीतरी बिघडलेलं तसंच राहणार. आणि 14 चे साडेतेरा झाल्यावर कुणी नवा सेन्सर विकत असेल, तर तो पैसा वाया. पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, ई-20 साठी बसवलेली इंजिनं सक्तीची झाली 2025 पासून. म्हणजे आपल्या रस्त्यावरची एकूण एक पोलो त्याआधीची. गंमत अशी की गाडी पिंपरीत आणि ऊस बारामतीला, अशी घरंही आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. त्यांच्याकडे जेवणाच्या ताटावर हा वाद होतो, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं.

मेस्त्रीची अडचण मात्र खरी आहे. त्याच्याकडे अशी गाडी येतेय की ॲव्हरेज खरंच पडलंय आणि गाडीत दोष नाही. ट्रिम चार टक्के अधिक दाखवतो, कोड येत नाही, प्लग चॉकलेटी. हे शोधायला तास-दीड तास जातो, आणि बिलात त्यासाठी रकानाच नाही. रकाने आहेत ते पार्टचे. ट्यूनिंगचे पैसे देणारं गिऱ्हाईक कार्बोरेटरबरोबर गेलं. माझ्या ओळखीचे एकदोघं आता "तपासणी" अशी ओळ घालून पैसे लावतात. गिऱ्हाईक वाद घालतं, पण देतं.

ज्यांच्याकडे मागच्या टाक्यांच्या नोंदी असतील, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशा, त्यांनी आता आकडे सांगा. आपण इथेच हिशोब करून बघू.