शालेय मानसशास्त्रसेवा, महाराष्ट्रातील

शिकण्यात मागे पडणाऱ्या किंवा वर्तनसमस्या असलेल्या मुलाची तपासणी करून अडचणीचे कारण ठरविणारी आणि त्यानुसार शिक्षक व पालक यांना मार्गदर्शन करणारी सेवा. लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे १८९६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आलेला पहिला मुलगा शुद्धलेखनात सतत चुकणारा होता. त्याला शिक्षिकेनेच आणले होते आणि तपासणीत त्याची दृष्टीही सदोष आढळली. ज्याला शाळा ‘ढ’ ठरविते, त्याचा दोष बुद्धीतच असेल असे नाही, हे या सेवेचे मूळ सूत्र तेथेच दिसते. पुढे पॅरिसमध्ये बिने–सीमाँ बुद्धिकसोटी तयार झाली (१९०५) आणि लंडनच्या शिक्षणखात्याने सिरिल बर्ट यांची शाळांसाठी नेमणूक केली (१९१३).

परदेशी कसोटी केवळ भाषांतराने उपयोगी पडत नाही. तिचे प्रश्न व वयोमान इथल्या मुलांवर पडताळावे लागतात. हे कष्टाचे काम वि. वि. कामत यांनी धारवाड येथे केले. बिने कसोटीच्या स्टॅनफर्ड आवृत्तीवरून त्यांनी कन्नड व मराठी मुलांसाठी कसोटी सिद्ध केली. तिच्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये निघाला. मुंबईत टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले; तेथे मुलाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार होई. मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय स्थापिले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने (१९६२) बुद्धिमान मुलांकडे लक्ष दिले.

वऱ्हाड १९५६ पर्यंत मुंबई राज्याबाहेर होता. त्यामुळे सरकारी मार्गदर्शनाची ही व्यवस्था त्याच्या वाट्यास उशिरा आली. येथे भाषेचा प्रश्नही निराळा आहे. मूर्तिजापूर परिसरातील वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो. ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ लिहिणारा मुलगा कानाने ऐकलेलेच लिहितो. प्रमाण मराठीवर बेतलेल्या चाचणीत मात्र ती चूक ठरते. तीच अक्षरे पुन्हा पुन्हा उलटसुलट लिहिणारा, वाचताना ओळ चुकणारा मुलगा वेगळा; त्याला खरोखर साहाय्य हवे असते. कपाशीच्या वेचणीमुळे शाळा बुडालेला मुलगा या दोहोंहून निराळा. तिघांच्या वह्यांवर लाल रेघा सारख्याच उमटतात. कोणाला बोलीकडून प्रमाण भाषेकडे न्यावयाचे, कोणाला तज्ज्ञाकडे पाठवावयाचे व कोणाचा बुडालेला अभ्यास भरून काढावयाचा, हे वही पाहून कळत नाही. त्यासाठी मुलाशी त्याच्या बोलीत बोलावे लागते आणि त्याच्या आईवडिलांना विचारावे लागते. गुणांकाचा आकडा त्यानंतरचा.

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते. तालुक्याच्या गावातील पालकाला त्यासाठी बहुधा मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते, म्हणजे मजुरीचे दिवस बुडतात. हक्क आणि त्याचा लाभ यांत हे अंतर आहे. गावपातळीवर समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक काम पाहतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये वाचनदोष ओळखण्यासाठी प्रसिद्ध केलेल्या साधनात हिंदी व इंग्रजीबरोबर मराठी व कन्नड या भाषांनाही स्थान मिळाले. कामतांनी ज्या दोन भाषांपासून आरंभ केला होता, त्या याच होत.